ॲव्हरेज गाडीचं की फेरीचं? मुंबईत पिकअप आणि कारचं खरं मायलेज मोजायची, वाढवायची पद्धत

पंपावर डिझेल भरून झालं की तिथला मुलगा बहुतेक वेळा विचारतो, "ताई, ही किती ॲव्हरेज देते?" मी त्याला विचारते, कुठल्या रस्त्याला? पहाटे साडेचारला वाशीहून निघून ऐरोली पुलावरून भांडुपला आलेली पिकअप आणि तीच पिकअप, तोच ड्रायव्हर, तेवढाच माल, पण सकाळी नऊला सायन-पनवेल हायवेने दादरला गेलेली, यांच्या आकड्यांत लिटरमागे तीन किलोमीटरचा फरक पडलेला मी माझ्या हाताने लिहिला आहे. म्हणून गाडीचं ॲव्हरेज असं एकटं काही नसतं असं मी मानते. असतं ते फेरीचं.

आमचा धंदा भाजीचा. तुर्भ्याच्या बाजार समितीतून माल उचलायचा आणि भांडुप, मुलुंड, दादरच्या किरकोळ विक्रेत्यांना पोचवायचा. एक डिझेल पिकअप आहे, घरची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांच्या काळापासून एक लांबट वही असते. गेली नऊ वर्षं ती मी लिहिते. पुढे जे सांगते आहे ते बरंचसं त्या वहीतून आलेलं आहे.

कंपनीचा आकडा कशाचा असतो

गाडी घेताना जो आकडा सांगतात तो खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडीची चाकं रोलरवर ठेवून ती ठरलेल्या चक्रात चालवतात. कधी वेग वाढवायचा, कधी थांबायचं, सगळं सेकंदाबरहुकूम. चक्र जेमतेम वीस मिनिटांचं, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. तिथे साकीनाका नाही, चढ नाही, मे महिन्याची दुपार नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून पाच वेगवेगळ्या चाचण्यांवर हा आकडा बेततात, त्यात एसीची आणि जास्त वेगाची चाचणी धरलेली असते, त्यामुळे त्यांचा आकडा रस्त्याच्या जास्त जवळ जातो. तरी ३,८५६ किलोच्या वर एकूण वजनक्षमता असलेल्या मोठ्या पिकअपना तिथेही हा आकडा लावावा लागत नाही. म्हणजे माल वाहणाऱ्याने स्वतःच मोजायचं, हे तिकडेही आहे.

कंपनीचा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा. महिन्याचा डिझेलचा हिशोब मात्र त्याच्यावर मांडू नका. आमच्या हॅचबॅकला शहरात त्या आकड्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के कमी मिळतं, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याला १० ते १५ टक्के कमी.

आधी नीट मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. इथे चुकलं की पुढचं सगळं अंदाजपंचे.

टाकी फुल ते टाकी फुल, हीच खरी पद्धत. पाचशेचं, हजाराचं टाकत राहिलात तर टाकीत आधी किती होतं ते कळत नाही आणि हिशोब जुळत नाही. पंप शक्यतो तोच ठेवा, गाडी सपाट जागेवर उभी करा. नोझल पहिल्यांदा टक् करून आपोआप बंद झालं की थांबायचं. "राउंड फिगर करू का?" असं विचारतील, नको म्हणा. वरचे बारा-पंधरा रुपये राउंड करायला जे ओततात त्याने मोजमाप बिघडतं. शिवाय पेट्रोल गाडीत इंधनाची वाफ धरून ठेवणारा एक डबा असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली तर त्यात पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो.

मग वहीत दोन गोष्टी लिहा: मीटरचं रीडिंग आणि पावतीवरचे लिटर. रुपये लिहा हवे तर, पण दर बदलत असतात, त्यामुळे रुपयांवरून ॲव्हरेज कधी काढू नये. आमच्या वहीतलं एक उदाहरण देते. टाकी फुल केली तेव्हा रीडिंग ४८,२१२. पुढच्या फुलला ४८,६५५. म्हणजे ४४३ किलोमीटर. त्या वेळी गेलं ३६.४ लिटर. ४४३ भागिले ३६.४, आलं १२.१७. नेहमी चूक होते ती ही, की भागायला आधीच्या वेळी भरलेले लिटर घेतले जातात. चाललेल्या किलोमीटरचं इंधन हे आत्ता भरलेलं असतं.

एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नोझल एक लिटर आधी किंवा उशिरा बंद झालं तर ३६ लिटरमागे जवळपास तीन टक्क्यांची चूक होते. पाच वेळा भरलेल्याचे किलोमीटर एकत्र करा, लिटर एकत्र करा आणि मग भागा. ती एका लिटरची चूक आता पावणेदोनशे लिटरमध्ये वाटली जाते. पाच वेगवेगळी ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी काढू नका, त्यात छोट्या फेरीला मोठ्या फेरीइतकंच वजन मिळतं.

डॅशबोर्डवर आपोआप दिसणारं ॲव्हरेज सोयीचं असतं. आमच्या कारचं खऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त दाखवतं. तुमचं किती ते एकदा वहीशी ताडून बघा, नंतर तेवढं वजा करून वाचता येईल. मीटरही तपासून घ्या, विशेषतः टायर मूळ मापाचे नसतील तर. मोठ्या टायरची गाडी प्रत्यक्षात जास्त धावते आणि मीटर कमी दाखवतो. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर मोजून पाहिलं की कळतं.

पंपाच्या मापाबद्दल शंका आली तर भांडत बसू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मी दोनदा मागितलं आहे, दोन्ही वेळा माप बरोबर निघालं.

माझ्या वहीत आणखी दोन रकाने आहेत आणि त्यांनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं. एक, अंदाजे किती माल होता. दुसरा, कधी निघालो, कधी पोचलो. या दोन रकान्यांशिवाय ॲव्हरेज पडलं तर गाडीला दोष द्यायचा की रस्त्याला, हे ठरवताच येत नाही.

आकडा वाचायची रीत

लिटरमागे किलोमीटर या भाषेत एक फसगत आहे. पिकअपचं ८ वरून १० झालं आणि कारचं १८ वरून २० झालं, दोन्हीकडे वाढ दोनचीच. पण हजार किलोमीटरला किती लागलं ते बघा. पिकअपला १२५ लिटरऐवजी १००, म्हणजे २५ लिटर वाचले. कारला साडेपंचावन्नऐवजी ५०, म्हणजे साडेपाच लिटर. म्हणून मी हिशोब उलटा करते: शंभर किलोमीटरला किती लिटर. घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणाऱ्या गाडीकडे लक्ष द्या. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. कारच्या अर्ध्या किलोमीटरवरून चर्चा चालते आणि टेम्पो तसाच पळत असतो.

मुंबईत डिझेल-पेट्रोल नेमकं जातं कुठे

ब्रेकमध्ये. हे पटायला मला वेळ लागला. मालासकट पावणेतीन टनांची पिकअप ताशी ५० च्या वेगाला आणायला जी ताकद लागते त्यासाठी साधारण २५ मिलिलिटर डिझेल जळतं. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ती सगळी ताकद ड्रम तापवण्यात गेली. २५ मिलि म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची अडीच झाकणं. प्रत्येक सिग्नलला अडीच झाकणं डिझेल रस्त्यावर ओतायचं, असं डोळ्यांसमोर आणा. चाळीस वेळा तसं थांबलात की एक लिटर संपलं. कारला याच्या निम्म्याहून थोडं जास्त लागतं.

म्हणून पहिली सवय: लांबचं बघून चालवा. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागलेले दिसले की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनला इंधन जाणंच बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जात राहतं. न्यूट्रलने डिझेल वाचतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आमच्या ड्रायव्हर मामांची ती सवय जायला सहा महिने लागले. "ताई, तीस वर्षं हेच करत आलो," म्हणायचे. मी नुसती वही दाखवायचे. आता त्यांच्या हाताने पूर्वीपेक्षा लिटरमागे एक किलोमीटर जास्त निघतो, आणि ब्रेकचे लायनर पहिल्यापेक्षा जास्त चालतात.

दुसरी गळती उभ्या गाडीची. आमच्या पिकअपचं इंजिन नुसतं चालू राहिलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घेतं. वाशी ते दादर साधारण वीस किलोमीटर. पहाटे त्याला १.६ लिटर पुरतं. नऊच्या गर्दीत चाळीस मिनिटं नुसतं उभं राहण्यात गेली की अर्धा लिटर त्यातच संपलं आणि साडेबाराचं ॲव्हरेज साडेनऊवर आलं. इंजिनात काहीही बिघाड नाही, फक्त घड्याळ बदललं. निघायची वेळ तासभर अलीकडे आणणं हा मला सापडलेला सगळ्यात मोठा उपाय आहे. ज्यांना ऑफिसची वेळ पाळावी लागते त्यांनी सेकंद दाखवणाऱ्या सिग्नलला तीस-चाळीसपेक्षा जास्त आकडा दिसला तर इंजिन बंद करावं. बॅटरी मात्र धडधाकट हवी, आणि उड्डाणपुलाच्या चढावर हा प्रयोग नको.

तिसरा वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात तर हवा दीडपटीहून जास्त अडवते. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. ताशी १०० ऐवजी ८० ने गेलात तर सव्वातीन मिनिटं उशीर होतो, एवढंच. डाव्या लेनमधून शांतपणे ८० ने जा. खाडीवरचा वारा समोरून असेल तर फरक आणखी जाणवतो.

एसीबद्दल लोक फार घाबरवतात. मुंबईच्या दमटपणात एसी बंद करून घामाघूम होऊन गाडी चालवावी असं मी कुणालाही सांगणार नाही, थकलेला माणूस चुका करतो. पण उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी मिनिटभर उघड्या ठेवा, गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा आणि आतलीच हवा फिरू द्या. एलबीएस रोडवर रांगत असाल आणि संध्याकाळ गार असेल तर काचा उघड्या परवडतात. हायवेला काचा बंद आणि एसी चालू हेच बरं.

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, डिझेल गाडीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल जाळून तो साफ करते, आणि त्यासाठी तिला काही वेळ सलग वेगात धावायला लागतं. सतत तुंबलेल्या रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीचं हे काम अर्धवट राहतं आणि पुन्हापुन्हा सुरू होतं. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्याने सलग चालवा. फिल्टरचा दिवा लागलेला असताना गाडी मध्येच बंद करू नका.

पिकअपवाल्यांसाठी खास

ताडपत्री. सैल बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फुगते आणि गाडीच्या मागे छत्री उघडल्यासारखी गाडीला मागे खेचते. फडफड ऐकू आली की समजायचं, डिझेल चाललंय. दोरी हौद्याच्या हुकांना जवळजवळ बांधा, उंची कमीत कमी ठेवा. माल नसेल तेव्हा वरच्या कमानी काढता येत असतील तर काढा. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, पाडून चालवलं की वारा आरपार जातो आणि ॲव्हरेज वाढतं, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकत निघून जातो. फाळका लावूनच ठेवा.

कारच्या टपावरचं रिकामं कॅरियर तर वर्षभर उगाच वाऱ्याशी झुंजत असतं. गावाला जाऊन आलात की उतरवून ठेवा.

वजनाचा हिशोब थोडा निराळा आहे. आमची रिकामी पिकअप १५ देते, सव्वा टन माल घेऊन १२. म्हणजे सव्वा टन वाहायला फक्त पाव हिस्सा डिझेल जास्त लागतं. दोन अर्ध्या फेऱ्यांपेक्षा एक भरलेली फेरी कितीतरी स्वस्त पडते, आणि परतीचं भाडं मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. याचा अर्थ पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीच्या कागदांवर मंजूर वजनापेक्षा, जास्त माल भरा असा नव्हे. टायर, पाटे, ब्रेक यांचा खर्च वाचलेलं डिझेल गिळतो, आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर त्याची भरपाई कुठल्याच वहीत होत नाही. पावसाळ्यात एक बघा: हौद्यात साचलेलं पाणी आणि भिजलेली पोती हेही वजनच असतं. तळाच्या भोकांत पाला अडकून पाणी तुंबतं, ती दर चार दिवसांनी मोकळी करा.

हवा. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी असली तर साधारण ०.२ टक्के ॲव्हरेज जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्या मी रोज बघते. स्वतःचं गेज घ्या. पंक्चरवाल्याच्या गेजला दिवसातून पन्नास हात लागतात. सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर किती हवी ते लिहिलेलं असतं. पिकअपला पुढची वेगळी, मागची वेगळी, आणि माल असताना मागची आणखी वेगळी. चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार जास्त दिसते, ती बघून हवा सोडू नका. अलाइनमेंट मी गणपती झाल्यावर करते. तोवर रस्त्यांचे खड्डे बऱ्यापैकी भरलेले असतात, आधी केली तर आठवड्यात पुन्हा बिघडते.

इथेनॉल आणि सीएनजी

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज पडलं ही तक्रार खरी आहे, फक्त किती ते समजून घ्यायला हवं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी, आणि आधीच्या दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के कमी. तुमचं पंधराचं बारावर आलं असेल तर ती वीस टक्क्यांची घट आहे, ती नुसत्या इथेनॉलने होत नाही. कारण दुसरीकडे शोधा.

सीएनजी किलोवर मिळतो आणि एका किलोत पेट्रोलच्या लिटरपेक्षा जवळजवळ दीडपट ऊर्जा असते. त्यामुळे "सीएनजीवर पंचवीस, पेट्रोलवर अठरा" या तुलनेला अर्थ नाही. दोन्हींचा खर्च रुपये प्रति किलोमीटरमध्ये काढा, त्या दिवशीच्या दराने. समजा किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात आणि सीएनजीची गाडी ९५ हजारांनी महाग आहे, तर ३८ हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याला त्याला दहा वर्षं लागतील. टाकीचं मोजमाप इथे आणखी अवघड, कारण दुपारी तापलेल्या सिलिंडरमध्ये आणि कमी दाबाच्या पंपावर गॅस कमी बसतो. किमान दहा वेळा भरलेल्याची बेरीज करा. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नका.

इंधनाच्या नळीवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, यावर एक रुपयाही घालू नका.

ॲव्हरेज पडलं तर कुठून शोधायचं

आधी वहीतले ते दोन रकाने बघा: माल वाढला होता का, वेळ जास्त लागला होता का. नसेल तर टायरची हवा. मग ब्रेक. मग क्लच: टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होतंय का. मग इंजिनचं तापमान: काटा मध्यावर यायला फार वेळ लागत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) उघडा अडकला असेल आणि इंजिन थंडच धावत असेल. त्यानंतर सेन्सर आणि इंजेक्टर, आणि ते स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच. एअर फिल्टर बदलून फार फरक पडेल ही आशा पेट्रोल गाडीत ठेवू नका. तुंबलेल्या फिल्टरने तिची ओढ कमी होते, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

ब्रेक इतका वर ठेवला त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पिकअप सव्वाबारावरून पावणेअकरावर आली. माल तोच, वेळ तीच. एका गॅरेजमध्ये दाखवली. "पाऊस आहे ताई, पडणारच," म्हणून त्यांनी परत पाठवली. मला ते पटलं नाही, कारण मागच्या दोन पावसाळ्यांची पानं माझ्याकडे होती आणि त्यांत एवढी घट नव्हती. दुसऱ्या दिवशी दादरला माल उतरवायच्या आधी मामांना म्हटलं, थांबा, चाकं बघू. हात न लावता तळहाताची पाठ प्रत्येक चाकाच्या मध्यापासून चार बोटांवर धरली. पुढची दोन्ही कोमट. मागचं उजवं कोमट. मागच्या डाव्याशी हात ठेवता येईना, तव्यावर धरल्यासारखा. वाकले तर जळक्या लायनरचा उग्र वास.

मामा म्हणाले, "हँडब्रेकची वायर असणार. पाण्यात गंजली."

तीच होती. हँडब्रेक सोडल्यावरही वायर पूर्ण परत जात नव्हती आणि लायनर ड्रमला घासत राहत होते. वायर बदलली, ड्रम साफ करून घेतला. पुढच्या तीन टाक्यांची बेरीज १२.३ आली. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मामांनी त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलंय: दर सोमवारी माल उतरवायच्या आधी चारी चाकांना हात.